छापा आहे, कांटा नाहीं

"छापा कीं कांटा?" असें विचारून नाणें उडविण्याची मुलांची रीत घरोघर परिचयाची आहे. परंतु जगांत एके काळीं अशींहि नाणीं होऊन गेलीं कीं, ज्यांना छापा आहे आणि कांटा मुळींच नाहीं. नाणें रुप्याचें, एका अंगास डोळे वटारलेला, जीभ बाहेर काढलेला एक उग्र चेहरा, त्याच्या हनुवटीखालीं दोन फुल्या, आणि नाणें उलटून पाहावें तों दुसरें अंग गुळगुळीत, कोरें. फ्लॉरेन्स व लंडन येथील मोठ्या संग्रहालयांत हीं नाणीं जपून ठेविलेलीं आहेत. तीं आहेत एट्रस्कन लोकांचीं. आणि ग्रीकांच्या नाण्यांशीं ताडून पाहिलें तर संख्येनें फारच थोडीं. हे लोक भूमध्य समुद्रावरील पट्टीचे व्यापारी होते. मग अशा लोकांचीं नाणीं इतकीं विरळ कां? तीं इतक्या उशिरां कां निघालीं? आणि निघाल्यावर व्यापाराच्या कोणत्या कामीं पडलीं? या महिन्यांत आम्ही याच प्रश्नाचा विचार वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रथम हे लोक कोण, तें थोडक्यांत सांगतों. इटलीच्या मध्यभागीं आर्नो नदीपासून टायबर नदीपर्यंत आणि पश्चिमेस समुद्रापर्यंत जो प्रदेश पसरला आहे, त्यास प्राचीन काळीं एट्रुरिया म्हणत. आजच्या टस्कनी प्रांताचें नांव या लोकांच्या रोमन नांवावरूनच पडलें आहे. ग्रीक त्यांना टिर्रीनियन म्हणत, आणि इटलीच्या पश्चिमेचा समुद्र अजून त्याच नांवानें ओळखला जातो. व्हल्ची, टार्क्विनिया, केरे, व्हेई, व्होल्टेर्रा, पोप्युलोनिया अशीं त्यांचीं अनेक नगरें होतीं. बारा नगरांचा संघ होता असें प्राचीन लेखक सांगतात. पण सर्वांवर एक राजा नव्हता, प्रत्येक नगर आपल्या घरचें धनी होतें. लिपी त्यांनीं ग्रीकांपासून घेतली; म्हणून त्यांचे लेख आज वाचतां येतात. परंतु भाषा संस्कृत, ग्रीक, लॅटिन या कुळांतली नाहीं. म्हणून वाचलेल्या मोठ्या लेखांचा अर्थ पुरतेपणीं लागत नाहीं. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास लॅटिनमध्यें फिरतांना पदोपदीं आप्त भेटतात. गुरांस लॅटिनमध्यें 'पेकुस' म्हणत. तो आपला 'पशु'. त्यावरूनच पैशाला 'पेकुनिया' हा शब्द निघाला. तांब्या-कांशास 'ऐस' म्हणत. तें आपलें 'अयस्'. एट्रस्कन भाषेंत असे आप्त भेटत नाहींत. त्यांचा इतिहासाचा किंवा काव्याचा ग्रंथहि उरलेला नाहीं. तेव्हां त्यांच्याविषयीं बोलावयाचें म्हणजे थडगीं, बुडालेलीं जहाजें, मातीचीं भांडीं आणि नाणीं यांनाच साक्षीस बोलवावें लागतें.

या साक्षींचें म्हणणें एकसारखें आहे: हे लोक धनाढ्य होते. इ. स. १८२८ मध्यें व्हल्ची येथें नेपोलियनचा भाऊ लूसियन बोनापार्ट याच्या जमिनींत जुनीं थडगीं सांपडलीं, आणि त्यांतून ग्रीक चित्रकारीचीं भांडीं हजारोंनीं बाहेर पडलीं. अथेन्समध्यें घडलेलीं भांडीं एट्रुरियांत इतकीं निघालीं कीं, तीं एट्रस्कन कारागिरीच होय असें प्रथम पुष्कळांस वाटलें. अथेन्सचा निकोस्थेनीस नांवाचा एक कुंभार तर एट्रस्कन घाटाचीं भांडीं मुद्दाम त्या बाजारासाठीं घडवीत असे. गिऱ्हाइकाची आवड ओळखून माल काढणें ही विद्या आजची नव्हे!

उलट दिशेनें एट्रुरियाचें मद्य, तांबें, लोखंड आणि काळीं चकचकीत भांडीं परदेशीं जात. जिल्यो बेटाजवळ एक जहाज इ. स. पूर्वीं ६०० च्या सुमारास बुडालें. इ. स. १९६१ मध्यें तें पाणबुड्यांना दिसलें व पुढें १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत त्याचा रीतसर शोध घेण्यांत आला. त्यांत एट्रस्कन कुंभ, कॉरिंथच्या सुगंधी तेलाच्या कुप्या, तांब्याचे व शिशाचे गोळे, बासऱ्या, आणि हिशेब लिहिण्याची लांकडी पाटीहि मिळाली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत ग्रां रिबो बेटापाशीं १९९९ मध्यें दुसरें एक जहाज सांपडलें. तें सुमारें शंभर वर्षें अलीकडचें. त्यांत एकट्या एट्रस्कन कुंभांची संख्या आठशें ते हजार असावी असा अंदाज आहे. एका खेपेस एवढें मद्य नेणारा व्यापारी लहानसहान नव्हे. आणि नवल हें कीं, या व्यापाराच्या भरभराटीचा पुष्कळसा काळ एट्रस्कन नगरांनीं स्वतःचें नाणें न पाडतांच काढिला.

मग नाण्यावांचून देवघेव चाले तरी कशी? याचें पहिलें उत्तर तराजू हें आहे. धातूचे ओबडधोबड तुकडे तोलून देण्याची चाल इटलींत फार जुनी. पगारास लॅटिनमध्यें जो 'स्टिपेंडियम' शब्द आहे, त्याच्या पोटांत 'तोलणें' हा धातु दडलेला आहे. म्हणजे पगार मोजला जात नसे, तोलला जाई. पुढें लोखंडमिश्रित तांब्याच्या कांबी ओतूं लागले. त्यांच्यावर वाळलेल्या फांदीसारखी नक्षी असे. या कांबी वाटेल तेथें तोडून तुकडे करावयाचे आणि तुकडे तोलावयाचे. सिसिली बेटांत गेला शहराजवळ बितालेमी म्हणून एक देवस्थान आहे. तेथें देवीस वाहिलेल्या वस्तूंत अशा कांबीचा तुकडा मिळाला, आणि तो इ. स. पूर्वीं सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा ठरला. मध्य इटलीची कांब सिसिलींतील ग्रीक देवीच्या पायांशीं पोंचली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उत्तर करार. ॲरिस्टॉटल आपल्या राजनीतिग्रंथांत एट्रस्कन व कार्थेजकर यांचा दाखला देतो: या दोन लोकांत आयात मालासंबंधीं ठराव होते, एकमेकांस अपाय न करण्याचे तह होते, परस्पर साहाय्याचीं लेखी वचनें होतीं. अशा स्नेहाचा पुरावा इ. स. १९६४ मध्यें जमिनींतून वर आला. केरे नगराचें पिर्गी नांवाचें बंदर होतें. तेथील देवालयाच्या आवारांत सोन्याचे तीन पत्रे गुंडाळी केलेल्या स्थितींत सांपडले. दोहोंवर एट्रस्कन लेख, एकावर फिनिशियन. केरेचा अधिपति थेफारिये वेलियानास यानें देवीस स्थान अर्पण केल्याची ती नोंद आहे. आपल्या लोकांच्या भाषेंत देवीचें नांव ऊनि, पाहुण्यांच्या भाषेंत अस्तार्ते. काल इ. स. पूर्वीं ५०० च्या सुमाराचा. ज्या बंदरांत आपल्या देवतेस आपल्या नांवानें हांक मारतां येते, तेथें परका व्यापारी निर्धास्तपणें माल उतरवितो. टार्क्विनियाच्या ग्रॅव्हिस्का बंदरांतहि ग्रीकांचीं देवस्थानें होतीं. तेथें सोस्ट्राटस नांवाच्या एका ग्रीकानें अपोलोला वाहिलेला दगडी नांगर मिळाला आहे. हिरोडोटसानें ज्याच्या नफ्याची बरोबरी कोणी करूं शकला नाहीं म्हणून लिहिलें, तो एजायना बेटाचा सोस्ट्राटस हाच असावा, निदान त्याच्याच घराण्यांतला.

तिसरें उत्तर खूण. कार्थेज येथें एका थडग्यांत हस्तिदंताची एक लहानशी पट्टी मिळाली आहे. तिच्या एका अंगास रानडुकराची आकृति कोरलेली असून सपाट अंगावर एट्रस्कन अक्षरांत लिहिलें आहे, त्याचा भावार्थ असा कीं, मी कार्थेजच्या पुइनेलाची. अशा पट्ट्या जोडीनें करीत. एक यजमानापाशीं राही, दुसरी पाहुण्यापाशीं. वर्षांनीं कोणी अनोळखी मनुष्य दारीं आला आणि त्यानें आपलें अर्धें पुढें केलें कीं, दोन्ही अंगें जुळवून पाहावयाचीं. जुळलीं कीं खूण पटली. मग त्याला घर मोकळें. हुंडी घेऊन परगांवच्या पेढीवर जाणाऱ्या आपल्या जुन्या व्यापाऱ्यांस हा प्रकार समजावून सांगावा लागला नसता. फ्रान्सच्या दक्षिणेस पेश माहो येथें शिशाचा एक पत्रा निघाला; त्याच्या एका अंगास एट्रस्कन मजकूर, दुसऱ्या अंगास ग्रीक. हा ग्रीक मजकूर इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाचा असून त्यांत एका नौकेच्या खरेदीची हकीकत आहे: इसार कोठें दिला, उरलेली रक्कम कोठें दिली, आणि त्या त्या वेळीं साक्षीदार कोण होते. या इसारास ग्रीकांनीं जो शब्द वापरला आहे, तो मुळीं फिनिशियनांच्या कुळांतल्या भाषेंतून आलेला. माल जसा बंदरोबंदर फिरे, तसे विश्वासाचे शब्दहि फिरत.

येथें एका जुन्या वादाचा उल्लेख केला पाहिजे. सोन्यारुप्याचीं नाणीं प्रथम पाडलीं तीं आशियामायनरमधील लिडियाच्या लोकांनीं, असें हिरोडोटस सांगतो. आणि त्याच प्रकरणांत पुढें, दुष्काळामुळें लिडियांतून निघालेले लोकच इटलींत जाऊन टिर्रीनियन झाले, असेंहि सांगतो. हें खरें मानलें तर नाण्याची विद्या या लोकांनीं माहेराहून आणिली असती! पण हॅलिकार्नॅससचा डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराचें मत निराळें होतें. तो त्यांना तेथलेच मूळ रहिवासी म्हणतो. इ. स. २०२१ मध्यें प्राचीन अस्थींतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून एक मोठा निबंध प्रसिद्ध झाला; त्यांत एट्रस्कनांचें रक्त त्यांच्या शेजारच्या लॅटिन लोकांसारखेंच ठरलें, आणि लिडियाकडून झालेल्या नजीकच्या स्थलांतराचा मागमूस मिळाला नाहीं. आम्हांस तर यांत नाण्यांचीहि साक्ष जुळते असें वाटतें. दक्षिण इटलींतील सिबॅरिस, मेटापोंटम इत्यादि ग्रीक वसाहती इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांतच नाणीं पाडूं लागल्या होत्या. एट्रस्कनांनीं तीं पाहिलीं होतीं, हाताळलींहि असतील. तरी बहुतेक नगरांनीं नाण्याची घाई केली नाहीं. न येणारी विद्या आणि न लागणारी विद्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आतां नाण्यांकडे वळूं. तीं पाडण्यांत सर्वांत पुढें होतें पोप्युलोनिया. एट्रुरियाच्या थोर जुन्या नगरांपैकीं प्रत्यक्ष समुद्रावर वसलेलें हें एकटेंच, असें स्ट्रॅबो हा भूगोलवेत्ता सांगतो. समोर एल्बा बेट, नेपोलियनला इ. स. १८१४ मध्यें ठेविलें होतें तेंच. या बेटांत लोखंडाची खाण. स्ट्रॅबो स्वतः पोप्युलोनियाच्या टेकडीवर चढला होता, आणि बेटावरची खनिज माती या किनाऱ्यास आणून भट्ट्यांत आटवितात, हें त्यानें पाहिलें. डायोडोरस लिहितो कीं, आटविलेल्या लोखंडाचे तुकडे मोठ्या स्पंजासारखे दिसत; व्यापारी ते रोखीनें किंवा मालाच्या बदल्यांत घेऊन बाजारोबाजार नेत, आणि त्यांचीं शस्त्रें, खुरपीं, विळे बनत. या बेटाचें ग्रीक नांवहि काजळी-धुरावरून पडलेलें, असें त्यानें म्हटलें आहे. भट्ट्यांतून निघालेल्या मळीचे ढीग किनाऱ्यावर इतके सांचले कीं, जुनीं थडगीं त्यांच्याखालीं गाडलीं गेलीं. विसाव्या शतकांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, त्या मळींत अजून पुष्कळ लोखंड उरलें आहे म्हणून ती उकरून नेऊं लागले, तेव्हां खालचीं थडगीं उघडीं पडलीं. शेजारच्या डोंगरांत तांबें, शिसें आणि त्याबरोबर रुपेंहि निघे. म्हणजे भट्टी, इंधन, कारागीर आणि रुपें हीं चारहि एका ठिकाणीं होतीं.

इ. स. पूर्वीं पांचव्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंत येथें रुप्याचीं नाणीं पडलीं. ज्या नाण्याचें वर्णन आम्हीं आरंभीं केलें, त्याचें वजन सुमारें साडेआठ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याहून थोडें कमी. त्यावरील चेहरा गॉर्गन राक्षसीचा. तिच्याकडे पाहणारा दगड होतो अशी ग्रीकांची कथा आहे. पण घरांच्या व देवळांच्या छपरांवर तिचा मुखवटा लावीत, तो अरिष्ट बाहेर राहावें म्हणून. आपल्या देवालयांवरील कीर्तिमुख ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना याचें मर्म चटकन् कळेल. कांहीं नाण्यांवर मेन्र्वा देवीचें मुख आहे, तीच रोमनांची मिनर्व्हा, कांहींवर हर्क्युलीस. व्हल्चीच्या एका अतिविरळ नाण्यावर दोन्ही हातांत सर्प धरून धांवणारी गॉर्गन असून मागें चाक आहे. पण पोप्युलोनियाच्या नाण्यांची पाठ बहुधा कोरीच.

चेहऱ्याखालच्या त्या फुल्या मात्र आमच्या मतें चेहऱ्याहून महत्त्वाच्या. एक फुली म्हणजे दहा. दोन म्हणजे वीस. तशींच दहाचीं, पांचाचीं, अडीचाचीं आणि एकाचीं नाणीं होतीं. सोन्याचींहि थोडीं होतीं आणि त्यांवरहि आंकडेच. ग्रीकांच्या नाण्यांवर देवता असे, नगराचें नांव असे, पण किंमतीचा आंकडा क्वचितच. एट्रस्कनांनीं नगराचें नांव बहुधा गाळलें आणि आंकडा घातला. हें कां, त्याचा थोडा विचार करावा. परक्याच्या हातीं जावयाचें नाणें असेल तर त्यावर गांवाचें नांव हवें. आंकडा त्याच्या उपयोगाचा नाहीं, तो तोलूनच घेणार. आंकडा उपयोगाचा गांवांतल्या माणसास. नांव त्याला सांगावें लागत नाहीं. त्याला किती, एवढेंच सांगावें लागतें.

नाणीं कोठें सांपडतात यावरूनहि हेंच दिसतें. पोप्युलोनियाचें रुपें बहुतेक पोप्युलोनियाच्या आसपास व उत्तर एट्रुरियांत निघतें. अथेन्सचें घुबड छापलेलें नाणें जसें देशोदेशीं गेलें, तसें हें गेलें नाहीं. निरनिराळ्या नगरांच्या नाण्यांचीं वजनेंहि एका मापाचीं नाहींत. तात्पर्य, समुद्रावरचा मोठा व्यापार या नाण्यांवर चालला नाहीं. तो तराजू, करार आणि खूण यांवर आधींपासून चालत होता. नाणें गांवाच्या आंतलें. खलाशी, शिपाई, भट्टीवाले, खाणींत उतरणारे, दंड भरणारे, यांच्या आणि नगराच्या दरम्यान तें फिरलें असावें, असें अनेक विद्वान मानतात.

आम्हांस यांत एक गोष्ट विशेष वाटते. नाण्यावांचूनचा काळ विश्वासाचा व चांगला, आणि नाणें आलें म्हणजे माया गेली, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तें अर्धेंच खरें आहे. खुणेची पट्टी पुइनेलापाशीं होती. भट्टी फुंकणाऱ्यापाशीं नव्हती. तहांत नांव अधिपतीचें होतें. आणि तराजू धरणारा हात कोणाचा असे, हें सांगावयास नको. तोलून मिळणाऱ्या मजुरींत दांडी किती झुकली, हें गरिबानें कोणास विचारावें? ज्याला अक्षर येत नाहीं, त्यालाहि दोन फुल्या मोजतां येतात. त्या फुल्यांनीं मजुराच्या हातीं प्रथमच असा एक शब्द दिला कीं, जो देणाऱ्यास फिरवितां येत नव्हता. मोठ्यांचा विश्वास मोठ्यांशीं पूर्वींच होता. लहानांशीं विश्वासाचा व्यवहार करण्यास नगराला नाणें पाडावें लागलें. हें आमचें अनुमान आहे. पण नाण्यावरील आंकडा आणि त्याचें घरबशेपण हीं दोन्हीं त्यास पोषक आहेत.

या लोकांस आम्ही साधु ठरवीत आहों, असें कोणी समजूं नये. त्यांच्यांत दास होते, आणि समुद्रावर त्यांची चांचेगिरीबद्दल ख्याति होती. अर्थात् ती त्यांच्या शत्रूंनीं लिहिलेली. त्यांचें ऐश्वर्य उतरणीस लागलें तें समुद्रावरच. इ. स. पूर्वीं ४७४ मध्यें सिराक्यूजचा राजा हायरॉन यानें क्यूमीजवळ त्यांच्या आरमाराचा पराभव केला. त्या लुटींतील एक शिरस्त्राण त्यानें ऑलिंपियास अर्पण केलें, तें इ. स. १८१७ मध्यें सांपडलें व आज लंडनला आहे. पुढें ४५३ मध्यें सिराक्यूजचें आरमार एल्बावर आलें. पहिल्या सेनापतीनें एट्रस्कनांकडून लांच घेतली आणि तो परत गेला. मग दुसरा साठ जहाजें घेऊन आला आणि त्यानें बेट लुटलें. ३८४ मध्यें डायोनिसियस या सिराक्यूजच्या अधिपतीनें पिर्गीचें देवालय लुटून हजार टॅलंट नेले. जेथें दोन लोकांनीं एका देवीस दोन नांवांनीं हांक मारली होती, तेंच हें देवालय. पाठीवर रोमचा भार वाढत होताच, व्हेई इ. स. पूर्वीं ३९६ मध्यें पडलें. इ. स. पूर्वीं २०५ मध्यें सीपिओच्या आफ्रिकेवरील स्वारीस एट्रस्कन नगरांनीं मदत दिली, तिची यादी लिव्हीनें दिली आहे: टार्क्विनियानें शिडांचें कापड, व्होल्टेर्रानें धान्य व जहाजाचें लांकूड, अरेत्सोनें तीन हजार ढाली व तितकींच शिरस्त्राणें, आणि पोप्युलोनियानें लोखंड. रोमचें नवें रुप्याचें नाणें, देनारियस, इ. स. पूर्वीं २११ च्या सुमारास निघालें होतें. त्यावरहि दहाची फुली होती. आतां आंकडा रोमचा चालूं लागला, आणि गांवोगांवचें रुपें बंद झालें. घरबसें नाणें अशा वेळीं मुशींत जातें. आधींच थोडीं, त्यांतलीं पुष्कळ आटविलेलीं. म्हणून आज तीं इतकीं विरळ.

विरळ झालेल्या वस्तूवर बाजाराची दृष्टि पडते, आणि तेथें पुन्हां विश्वासाचाच प्रश्न उभा राहतो. जर्मनींत बेकर नांवाचा एक गृहस्थ (इ. स. १७७२–१८३०) प्राचीन नाण्यांच्या इतक्या हुबेहूब नकला करीत असे कीं, त्याचे ठसे पुढें बर्लिनच्या संग्रहालयानें अभ्यासासाठीं घेऊन ठेविले. नवीं नाणीं लोखंडाच्या किसाबरोबर पेटींत घालून ती तो आपल्या गाडीच्या आंसास बांधी व दूरवर फिरवून आणी, म्हणजे तीं जुनीं दिसत, अशी त्याची गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें इ. स. १९१५ ते १९२१ या काळांत मातीचे तीन भव्य 'एट्रस्कन' योद्धे विकत घेतले. १९६१ मध्यें ते बनावट ठरले. ते घडविणाऱ्यांपैकीं एका वृद्ध कारागिरानें कबुली दिली, आणि एका योद्ध्याच्या हाताचा जो अंगठा नव्हता, तो त्यानें स्वतःपाशीं ठेविलेला काढून दाखविला. तो बरोबर जुळला! पुइनेलाच्या पट्टीसारखीच खूण पटली. फक्त ती लबाडीची होती.

बनावटीहून मोठें नुकसान चोरट्या खोदाईनें होतें. जमिनीखालील पुराणवस्तु राष्ट्राच्या, असा कायदा इटलींत इ. स. १९०९ मध्येंच झाला. तरी रात्रीं थडगीं फोडणारे हटले नाहींत. केरे येथून १९७१ मध्यें असेंच काढलेलें युफ्रोनियसचें चित्रित भांडें न्यूयॉर्कनें दुसऱ्या वर्षीं दहा लाख डॉलरांस घेतलें आणि २००८ मध्यें इटलीस परत दिलें. भांडें परत आलें. पण त्याच्या शेजारीं थडग्यांत आणखी काय होतें, तें परत येत नाहीं. नाण्याचेंहि तसेंच. वर आम्हीं जें अनुमान केलें, त्याचा अर्धा भार 'नाणें कोठें सांपडलें' या एका गोष्टीवर आहे. चोराच्या पिशवींतून आलेलें नाणें तोलतां येईल, विकतां येईल; पण तें कोणाच्या हातांतून कोणाच्या हातांत गेलें, हें त्याला सांगतां येणार नाहीं. ज्याची पाठ कोरी आहे, त्याचा अर्धा मजकूर मातींतच लिहिलेला असतो.

ही गोष्ट आपल्याहि घरास लागू आहे. पुष्कळ घरांत देवाच्या पेटींत किंवा आजीबाईंच्या गाठोड्यांत एखाददुसरें जुनें नाणें असतें. सणावाराला तीं चिंचेनें किंवा राखेनें घांसून लखलखीत करण्याची हौस असते. ती कृपा करून आवरावी. घांसण्यानें अक्षर झिजतें आणि नाण्याचें वय पुसलें जातें. त्यापेक्षां एका कागदावर, हें कोणीं, कोठून, केव्हां आणिलें, एवढें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें आणि तो कागद नाण्याबरोबर जपावा. शेतांत किंवा घराच्या पायांत नाण्यांचा सांठा सांपडल्यास तो वांटून घेऊं नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा मिळाल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, असें इ. स. १८७८ च्या कायद्यानें सांगितलें आहे. आणि त्यांत कायद्याच्या भीतीपेक्षां विद्येचें हित अधिक आहे.

एट्रस्कनांचें राज्य गेलें, भाषा गेली. 'वीस' या शब्दाचा उच्चार करून मजुराच्या हातावर नाणें ठेवणारा तो खजिनदार आणि तें घेणारा तो भट्टीवाला, या दोघांचींहि नांवें कोणास ठाऊक नाहींत. पण नगरानें आपल्या माणसास दिलेलें वचन त्या दोन फुल्यांच्या रूपानें अजून वाचतां येतें. आपल्या घरांत महिन्याच्या पहिल्या तारखेस कामकरी माणसांच्या हातीं पगार ठेवतांना तो आंकडा ठरल्याप्रमाणें आणि ठरल्या दिवशीं पडावा, हें या अडीच हजार वर्षांपूर्वींच्या रुप्याकडून शिकण्याजोगें आहे. मोठ्या सौद्यांत आपण चोख असतोंच. तेथें समोरचा आपल्याला जाब विचारूं शकतो. ज्याला जाब विचारतां येत नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों, त्यावरच घराची आणि नगराची पत ठरते.